‘फाइलनेम टू लाँग’: गिटच्या या तक्रारीवर काय करावे

विंडोजवर ‘गिट क्लोन’ मारला की सुरुवातीला सगळे सुरळीत चाललेले दिसते. ऑब्जेक्ट उतरतात, टक्केवारी शंभरावर पोचते, आणि फाइली डिस्कवर मांडायची वेळ आली की ओळींमागून ओळी येऊ लागतात: ‘एरर: अनेबल टू क्रिएट फाइल’, त्यापुढे हातभर लांब पाथ आणि शेपटाला ‘फाइलनेम टू लाँग’. सगळ्यात खाली बुचकळ्यात टाकणारी एक सूचना असते: क्लोन यशस्वी झाला, पण चेकआउट फसला.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रेपोचा सगळा इतिहास ‘.गिट’ फोल्डरमध्ये सुखरूप उतरलेला असतो. फसते ते त्यातून फाइली काढून कामाच्या फोल्डरात मांडण्याचे काम. या अर्धवट अवस्थेत ‘गिट स्टेटस’ विचारले, तर डिलीट झालेल्या फाइलींची लांबलचक यादी समोर येते. इथे घाईने कमिट केले, तर तुमच्या मशीनवर कधी उतरल्याच नाहीत अशा फाइली तुम्ही काढून टाकल्याची नोंद होते आणि पुश केल्यावर ते खापर तुमच्याच नावाने फुटते. तेव्हा हा संदेश दिसला की दुरुस्ती होईपर्यंत कमिटला हात लावायचा नाही.

तातडीचा उपाय एका ओळीचा आहे: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.लाँगपाथ्स ट्रू’. (या लेखातल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत. लाँगपाथ्स हा जोडून लिहिलेला एकच शब्द, आणि ग्लोबलच्या आधी दोन डॅश.) हे झाले की त्या अर्धवट रेपोत शिरून ‘गिट रिसेट --हार्ड’ द्या, राहिलेल्या फाइली उतरतील. ही दुसरी आज्ञा फक्त नुकत्याच क्लोन केलेल्या रेपोसाठी आहे. तुमचे स्वतःचे बदल पडलेले असतील, तर ते न विचारता पुसले जातात.

बरेच जण इथेच थांबतात. पण महिन्याभराने तीच तक्रार दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडून ऐकू येते आणि मग ‘सेटिंग तर केलं होतं’ असा सूर लागतो. हे सेटिंग नेमके काय करते आणि काय करत नाही, ते समजून घेतले तर पुढचा मनस्ताप वाचतो.

२६० चा हिशेब

विंडोजच्या जुन्या प्रोग्रामिंग इंटरफेसमध्ये पाथसाठी २६० अक्षरांची मर्यादा ठरवलेली आहे. त्यात ड्राइव्हचे अक्षर, कोलन आणि बॅकस्लॅश ही तीन अक्षरे धरलेली आहेत, आणि शेवटी मजकूर संपल्याची न दिसणारी खूणही. म्हणजे हाती उरतात २५९. फोल्डरसाठी तर मर्यादा आणखी आखूड, २४८. फोल्डर तयार केल्यावर त्यात जुन्या आठ-अधिक-तीन पद्धतीच्या नावाची एक फाइल तरी मावली पाहिजे, म्हणून तेवढी जागा आधीच राखून ठेवलेली असते.

हा दोष डिस्कचा नाही. एनटीएफएस ही फाइल सिस्टीम याहून कितीतरी लांब पाथ सांभाळू शकते. पाथच्या आधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक बॅकस्लॅश असा उपसर्ग लावून प्रोग्रामने विनंती केली, तर मर्यादा सुमारे ३२,७६७ अक्षरांवर जाते. गिटलाही स्वतःची अशी मर्यादा नाही. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तो लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिला, आणि लिनक्सवर पाथची मर्यादा साधारण ४०९६ बाइट. त्यामुळे लिनक्स किंवा मॅकवर बसलेला सहकारी तीनशे अक्षरी पाथ निर्धास्त कमिट करतो. त्याच्याकडे काहीच अडत नाही. अडते ते तुमच्याकडे.

आता तुमच्या बाजूचा हिशेब मांडू. कंपनीच्या लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स फोल्डर बहुधा वनड्राइव्हच्या पोटात गेलेला असतो. पाथ ‘सी’ ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरपासून सुरू होतो: स्लॅशसकट ९ अक्षरे. नाव-आडनाव जोडून केलेले सोळा अक्षरी युजरनेम आणि एक स्लॅश: २६. मग ‘वनड्राइव्ह’, डॅश आणि कंपनीचे वीस अक्षरी नाव: ५८. डॉक्युमेंट्स: ६८. त्यात तुम्ही केलेला प्रोजेक्ट्स फोल्डर: ७७. रेपोचे नाव ‘कस्टमर-ऑनबोर्डिंग-सर्व्हिस’, इंग्रजीत २७ अक्षरे अधिक एक स्लॅश: १०५. जावाचा प्रोजेक्ट असेल तर एसआरसी, मेन, जावा हे तीन ठरलेले फोल्डर: ११९. कोडच्या पहिल्या फाइलपर्यंत पोचायच्या आत जवळपास निम्मी जागा संपली, आणि त्यातली ७७ अक्षरे अशी आहेत, ज्यांच्याशी प्रकल्पाचा काही संबंध नाही.

हाच रेपो ‘डी’ ड्राइव्हच्या मुळाशी ‘डब्ल्यू’ नावाचा एकाक्षरी फोल्डर करून त्यात क्लोन केला आणि क्लोन करतानाच शेवटी ‘सीओएस’ असे छोटे नाव दिले, तर १०५ च्या जागी ९ अक्षरे लागतात. ९६ अक्षरे वाचली, तीही ॲडमिनचे अधिकार, रजिस्ट्री, रीस्टार्ट यांतले काहीही न करता. माझ्या मते पहिला उपाय हाच. क्लोनच्या आज्ञेत रेपोच्या लिंकनंतर फोल्डरचे नाव देता येते, हे अनेकांच्या गावीही नसते. गिटहबच्या अ‍ॅक्शन्स सेवेतली विंडोज मशिने काम कुठे करतात पाहा: ‘डी’ ड्राइव्हवरच्या ‘ए’ नावाच्या फोल्डरात. अझुर पाइपलाइन्समध्येही तसेच: ‘डी’, ‘ए’, मग आकडा एक आणि पुढे ‘एस’. हजारो लोकांचा कोड चालवणाऱ्यांनी एकाक्षरी नावे उगीच निवडलेली नाहीत. शिवाय वनड्राइव्हच्या आत गिट रेपो ठेवणे मुळातच बरे नाही. ‘.गिट’मधल्या हजारो बारीक फाइली सिंक करताना तो मध्येच एखादी धरून बसतो आणि मग वेगळ्याच कटकटी सुरू होतात.

दोन बटणे, दोन वेगळी कामे

इथे सर्वांत जास्त घोळ होतो. शोधाशोध केली की दोन उपाय सापडतात. एक वर दिलेले गिटचे लाँगपाथ्स. दुसरा विंडोजचा: रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीनपासून सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, फाइलसिस्टीम असे उतरत जायचे आणि ‘लाँगपाथ्स-एनेबल्ड’ या नोंदीची किंमत १ करायची. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ही सोय आहे. प्रो किंवा एंटरप्राइझ आवृत्ती असेल तर तेच काम ग्रुप पॉलिसी एडिटरमधून होते: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, फाइलसिस्टीम, आणि तिथे ‘एनेबल विन३२ लाँग पाथ्स’. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो, त्यामुळे रजिस्ट्रीच गाठावी लागते. दोन्हींना ॲडमिनचे अधिकार हवेत, आणि आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामना बदल कळत नाही. मशीन रीस्टार्ट केलेले बरे.

ही दोन बटणे एकमेकांना पर्याय नाहीत. रजिस्ट्रीतले बटण दाबले म्हणून सगळे प्रोग्राम लांब पाथ घेऊ लागत नाहीत. ज्या प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये ‘मला लांब पाथ चालतात’ असे जाहीर केले आहे, त्यालाच फायदा होतो. गिटचे लाँगपाथ्स मात्र रजिस्ट्रीकडे बघतही नाही. ते वर सांगितलेला उपसर्ग स्वतः लावून काम भागवते. म्हणून फक्त रजिस्ट्री बदलून गिटची तक्रार जात नाही, आणि फक्त गिटचे सेटिंग करून बाकीच्या प्रोग्रामांची जात नाही.

लाँगपाथ्स मुळात बंद का ठेवले आहे, याचे उत्तरही यातच आहे. गिट फाइल लिहील. पण विंडोज एक्सप्लोरर तिच्याशी नीट वागेलच असे नाही, सीएमडी वागणार नाही, आणि गिटसोबत येणारी बॅश, पर्ल वगैरे मंडळीही अडखळू शकतात. रिॲक्ट नेटिव्हचा अँड्रॉइड बिल्ड विंडोजवर करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असेल. क्लोन ठीक होतो, कोड उघडतो, आणि बिल्डच्या मध्यावर निंजा हे साधन ‘फाइलनेम लाँगर दॅन २६० कॅरेक्टर्स’ म्हणून बसकण मारते. बिल्डमध्ये तयार होणाऱ्या फाइलींचे पाथ मूळ फाइलींहून लांब असतात, त्यामुळे रेपोतला सर्वांत लांब पाथ दोनशेचा असला तरी निर्धास्त राहता येत नाही.

तेव्हा लाँगपाथ्स चालू ठेवा, त्याने बिघडत काही नाही. पण क्लोन ड्राइव्हच्या मुळाशीच करा. विंडोजचा आग्रहच नसेल तर डब्ल्यूएसएलमधल्या लिनक्सच्या होम फोल्डरात क्लोन करणे हाही सरळ मार्ग आहे. तिथे २६० चा प्रश्नच येत नाही. आणि कंपनीच्या नियमांमुळे जागा बदलताच येत नसेल, तर ‘सब्स्ट’ ही डॉसच्या काळातली आज्ञा अजून कामाला येते. ‘सब्स्ट’, मग ‘पी’ आणि कोलन, मग तुमचा लांबलचक फोल्डर, एवढे दिले की तो फोल्डर ‘पी’ ड्राइव्ह म्हणून दिसू लागतो आणि सगळे पाथ तिथून मोजले जातात. मशीन रीस्टार्ट झाल्यावर ही जोडणी जाते, पुन्हा द्यावी लागते.

ग्लोबल म्हणायचे की सिस्टीम, हाही प्रश्न येतो. आपल्या मशीनवर ग्लोबलच घ्या. ॲडमिन लागत नाही, आणि जी डेस्कटॉप ॲप स्वतःचा वेगळा गिट सोबत आणतात, त्यांनाही तुमची ग्लोबल फाइल दिसते. सबमॉड्यूल असलेल्या रेपोत तर हे महत्त्वाचेच. क्लोनच्या वेळी ‘-सी’ लावून दिलेले सेटिंग फक्त मुख्य रेपोपुरते राहते, सबमॉड्यूलपर्यंत पोचत नाही. आणि सबमॉड्यूलचे पाथच जास्त लांबतात, कारण त्यांचा इतिहास मुख्य रेपोच्या ‘.गिट’मधल्या मॉड्यूल्स फोल्डरात पुन्हा तेवढीच खोली धरून साठवला जातो.

उलट बाब बिल्ड सर्व्हरची. तिथला एजंट बहुधा सर्व्हिस म्हणून, लोकल सिस्टीम खात्याखाली चालतो. तुम्ही रिमोटने त्या मशीनवर लॉगिन करून ग्लोबल सेटिंग केलेत, तर ते तुमच्या खात्यात बसते आणि एजंटला त्याचा पत्ताही नसतो. हाताने क्लोन केला तर होतो, जॉबमधून फसतो, आणि लोक दिवसभर डोके धरून बसतात. तिथे ‘--सिस्टीम’ लावा, आणि एजंटचा कामाचा फोल्डरही विंडोजच्या सिस्टीम३२ च्या पोटातून काढून ड्राइव्हच्या मुळाशी आणा.

रेपो तुमचा असेल तर

इथवरचे सगळे उपाय क्लोन करणाऱ्याच्या बाजूचे. पण वीस जणांच्या टीममध्ये वीस जणांना सेटिंगे समजावत बसण्यापेक्षा रेपोतले पाथच आखूड केलेले केव्हाही स्वस्त.

आधी मोजा. गिट बॅशमध्ये ‘गिट एलएस-फाइल्स’ची यादी पाइपने ‘ऑक’ला द्यायची, त्याच्याकडून प्रत्येक ओळीची लांबी आणि ती ओळ छापून घ्यायची, मग ‘सॉर्ट’ने मोठ्या आकड्याकडून लहानाकडे लावून ‘हेड’ने वरच्या दहा पाहायच्या. सर्वांत लांब पाथ दीडशेच्या आत असेल, तर वापरणाऱ्यांना आणि बिल्डला पुरेशी मोकळीक मिळते. १८० च्या पुढे गेला, तर कुणाकडे तरी तो फसणार हे धरून चाला.

लांबी कुठून येते? बहुतेकदा पुनरुक्तीतून. अँग्युलरच्या प्रकल्पातले नेहमीचे चित्र घ्या. ‘कस्टमर’ नावाचा फोल्डर, त्यात ‘कस्टमर-ॲड्रेस’, त्यात ‘कस्टमर-ॲड्रेस-एडिट-फॉर्म’, आणि त्यात पुन्हा तेच नाव घेऊन ‘डॉट कम्पोनंट, डॉट स्पेक, डॉट टीएस’ अशी फाइल. इंग्रजीत मोजली तर ९७ अक्षरे, आणि कस्टमर हा शब्द चार वेळा. कस्टमरच्या आत ॲड्रेस, त्याच्या आत एडिट-फॉर्म आणि त्याच नावाची फाइल एवढेच ठेवले, तर ५४ होतात. जे फोल्डरने आधीच सांगितले, ते फाइलने पुन्हा सांगायची गरज नाही. अर्थात एडिटरच्या टॅबमध्ये नुसते ‘एडिट-फॉर्म’ दिसले तर कुठला ते कळत नाही, अशी तक्रार येईल. तीही खोटी नाही. पण आजचे बहुतेक एडिटर सारख्या नावाच्या दोन फाइली उघड्या असल्या की शेजारी फोल्डरचे नाव दाखवतात.

दुसरे ठिकाण म्हणजे रेपोत असायलाच नकोत अशा गोष्टी. नोड-मॉड्यूल्स चुकून कमिट झालेला रेपो अजूनही अधूनमधून दिसतो. एनपीएमच्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०१५ पर्यंत, एका पॅकेजच्या पोटात दुसरे, त्याच्या पोटात तिसरे असे फोल्डर घुसत जात आणि विंडोजवाले मेटाकुटीला येत. पुढे ते बरेच सपाट झाले. तरी गिटइग्नोरमध्ये ते नाव हवेच. टेस्टच्या वाक्यावरून आपोआप नाव घेणाऱ्या स्नॅपशॉट फाइलींवरही लक्ष ठेवा. कुणी टेस्टला दोन ओळींचे वर्णन दिले की ते अख्खे फाइलच्या नावात उतरते.

नाव बदलताना ‘गिट एमव्ही’ वापरा आणि त्या कमिटमध्ये दुसरा कुठलाही बदल घालू नका. गिट नामांतराची वेगळी नोंद ठेवत नाही. मजकुराच्या साम्यावरून ते नंतर ओळखतो. नाव आणि मजकूर एकदम बदलला की त्याला जुनी फाइल गेली, नवी आली असे वाटते आणि इतिहासाचा धागा तुटतो. उघड्या ब्रँच शक्य तितक्या मर्ज झाल्यावर हे काम काढा. फाइल तुमच्या विंडोजवर उतरतच नसेल, तर लिनक्सवाल्या सहकाऱ्याकडून, डब्ल्यूएसएलमधून किंवा होस्टिंग साइटवरच्या एडिटरमधून नाव बदलता येते. मात्र जुन्या कमिटमधले पाथ लांबच राहतात. दोन वर्षांपूर्वीचा टॅग चेकआउट केला की जुनी तक्रार परत येणार, तेव्हा लाँगपाथ्स बंद करू नका.

एकदा आवरलेले पुन्हा पसरू नये म्हणून मर्जपूर्व तपासणीत एक छोटी स्क्रिप्ट टाका: नव्या फाइलींपैकी कुणाचा पाथ ठरलेल्या आकड्यापुढे गेला तर बिल्ड लाल. क्रोमियमसारख्या प्रचंड प्रकल्पातही विंडोजसाठी अशी तपासणी ठेवलेली आहे.

रेपो दुसऱ्याचा आहे आणि लांब पाथ एखाद्या कोपऱ्यातल्या टेस्ट फोल्डरातच आहेत, अशीही वेळ येते. मग ‘--नो-चेकआउट’ लावून क्लोन करा, ‘गिट स्पार्स-चेकआउट सेट’ला हवे तेवढे फोल्डर सांगा आणि नंतर चेकआउट करा. नको तो फोल्डर डिस्कवर येतच नाही. ही आज्ञा २.२५ या आवृत्तीपासून गिटमध्ये आहे.

ब्रँचच्या नावांचाही यात वाटा असतो. ब्रँच म्हणजे ‘.गिट’च्या आत एक फाइलच. तिकिटाच्या मथळ्यावरून आपोआप तयार झालेले शंभर अक्षरी नाव असेल, तर ते लॉग्ज, रेफ्स, रिमोट्स, ओरिजिन अशा फोल्डरांखाली जाऊन बसते. ती वाटच ३० अक्षरांची. रेफ लिहिताना त्याच्या नावापुढे तात्पुरते ‘.लॉक’ लागते, ती आणखी पाच. ‘गिट फेच’ करताना ‘कॅनॉट लॉक रेफ’ दिसले आणि पाठोपाठ ‘फाइलनेम टू लाँग’ आले, तर फाइली नाही, ब्रँच तपासा.

देवनागरी नावे: उलटी गंमत

मराठी नावांच्या फाइली रेपोत ठेवणाऱ्यांसाठी (भाषेचे डेटासेट, शासन निर्णयांचे संग्रह, शाळेची साधने) आणखी एक पेच आहे, आणि त्यात मार खातो तो लिनक्सवाला. एकट्या नावाची मर्यादा विंडोजवर २५५ युनिकोड घटकांची, तर लिनक्सवर २५५ बाइटची. देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, पण काना, हलन्त धरून ते दहा घटक आहेत, म्हणजे लिनक्सवर तीस बाइट. त्यामुळे देवनागरी नाव लिनक्सवर ८५ घटकांपलीकडे जाऊ शकत नाही. शासन निर्णयाचा अख्खा विषय फाइलच्या नावात घातला की विंडोजवर ती आरामात तयार होते, कमिट होते, आणि लिनक्स सर्व्हरवर चेकआउट फसतो. संदेश तोच, फाइलनेम टू लाँग. पण लाँगपाथ्सचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण लांबी पाथची नसून एका नावाची आहे. नाव छोटे करा, विषय आतल्या माहितीत किंवा वेगळ्या सूचीत लिहा.

अशा रेपोत मोजमाप करताना ‘कोअर.कोटपाथ फॉल्स’ हेही सेटिंग करून घ्या. नाहीतर गिट ‘म’ या एका अक्षराऐवजी बॅकस्लॅश लावून ३४०, २४४, २५६ असे आकडे छापतो, यादी वाचता येत नाही, आणि लांबीचे आकडेही फुगलेले येतात.

शेवटी झिप आणि साफसफाई. गिट नको म्हणून झिप उतरवणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. एक्सप्लोररचे ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ झिपच्या नावाचा फोल्डर करते आणि आत त्याच नावाचा दुसरा निघतो, म्हणजे रेपोचे नाव दोनदा. झिप ड्राइव्हच्या मुळाशी, छोटे नाव देऊन उघडा. आणि अर्धवट क्लोनचा एखादा फोल्डर एक्सप्लोररमधून डिलीटच होत नसेल, तर रोबोकॉपीची मदत घ्या, कारण त्याला लांब पाथ चालतात. एक रिकामा फोल्डर करा. ‘रोबोकॉपी’, मग तो रिकामा फोल्डर, मग नको असलेला फोल्डर, आणि शेवटी स्लॅश देऊन ‘मिर’. रिकाम्याची हुबेहूब नक्कल करायची म्हणून तो दुसऱ्यातले सगळे पुसतो, आणि मग दोन्ही फोल्डर नेहमीसारखे काढता येतात. तो पुसताना विचारत नाही आणि पुसलेले रिसायकल बिनमध्येही जात नाही. एंटर मारण्याआधी दुसऱ्या जागी लिहिलेला पाथ पुन्हा एकदा वाचून घ्या.